‘आज रात्री लाइट कट होणार’: बिलाच्या नावाखाली फोन आला तर काय करायचं

घरातली बिलं भरायचं काम नुकतंच तुमच्याकडे आलं असेल, तर हे वाचून ठेवा. नोकरीसाठी पुण्यात किंवा ठाण्यात भाड्याने राहायला आलेली मुलं, पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर मीटर घेतलेलं जोडपं, आजवर यजमान बिलं भरायचे आणि आता सगळं स्वतःच बघावं लागतंय अशा काकू, या सगळ्यांना हा फोन कधी ना कधी येतोच. उदाहरणं मी महावितरणची घेतली आहेत, कारण महाराष्ट्रात बहुतेक घरांत त्यांचंच मीटर असतं. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटाचं बिल येत असेल किंवा गोव्यात सरकारी वीज खात्याचं, तरी फोन करणाऱ्याची बोलण्याची पट्टी तीच असते, फक्त कंपनीचं नाव बदलतं.

फोन साधारण कसा चालतो

सुरुवात बऱ्याचदा मेसेजने होते. ‘प्रिय ग्राहक, मागील महिन्याचे बिल अपडेट न झाल्याने आज रात्री ९.३० वाजता आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल, त्वरित आमच्या वीज अधिकाऱ्याशी संपर्क साधा’, आणि खाली एक साधा दहा आकडी मोबाइल नंबर. आता हेच व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. प्रोफाइलला महावितरणचा लोगो, सोबत शिक्का मारल्यासारखं दिसणारं एक पत्र. कधी मेसेजबिसेज काही नाही, थेट फोन.

‘वीज ऑफिसमधून बोलतोय. तुमचं मागच्या महिन्याचं बिल सिस्टीमला अपडेट दिसत नाहीये.’

‘अहो, पण मी भरलंय.’

‘हो, भरलंय ना मॅडम, पैसे आलेत आमच्याकडे. पण अपडेट झालं नाही. आजच्या कटिंगच्या लिस्टमध्ये नाव आहे तुमचं. टेन्शन घेऊ नका, मी करून देतो. फक्त फोन ठेवू नका.’

या दोन वाक्यांत सगळी करामत आहे. बिल भरल्याचं तो लगेच मान्य करतो, त्यामुळे तुमचा मुद्दाच संपतो. थकबाकीदाराला बिल थकलंय हे माहीत असतं, त्याला वीज तोडली जाण्याची सवयही असते. धास्ती घेतो तो वेळच्या वेळी भरणारा माणूस. आपल्याकडून काही राहिलं असेल ही कल्पनाच त्याला सहन होत नाही. शिवाय फोन येतो संध्याकाळी, म्हणजे ऑफिस बंद झाल्यावर, जेव्हा कुठे जाऊन विचारायची सोय नसते.

त्याला तुमचं नाव आणि बिलाची रक्कम माहीत असते, यावरही भुलू नका. महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा आकडी असतो आणि तो तळमजल्यावरच्या मीटरपाशी खोचलेल्या प्रत्येक बिलावर छापलेला असतो. तो क्रमांक कुठल्याही यूपीआय अ‍ॅपच्या वीजबिलाच्या रकान्यात टाकून बघा, ग्राहकाचं नाव आणि भरायची रक्कम समोर येते. म्हणजे ज्याच्या हाती तुमचं एक जुनं बिल पडलं, त्याला ‘तुमचं बिल अठराशे वीस रुपये आहे ना?’ असं विचारायला वीज कंपनीत नोकरी करावी लागत नाही.

इथून पुढे तीन वाटा

पहिली वाट स्क्रीन दाखवायची. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर क्विकसपोर्ट यांसारखं एखादं अ‍ॅप डाउनलोड करायला सांगतात. ही अ‍ॅप्स मुळात खोटी नाहीत, दूर बसलेल्या माणसाचा कॉम्प्युटर दुरुस्त करण्यासाठीच ती बनली आहेत. अ‍ॅप उघडलं की एक क्रमांक दिसतो, तो हा माणूस विचारून घेतो, मग ‘अलाउ’ दाबायला लावतो. आता तुमच्या फोनवर जे दिसतं ते त्यालाही दिसतं. रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या या वापराबद्दल बँकांना २०१९ मध्येच सावध केलं होतं.

दुसरी वाट एपीके फाइलची, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅप टाकणाऱ्या फाइलची, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट हीच. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बिल अपडेट’ किंवा ‘कस्टमर सपोर्ट’ अशा नावाची फाइल येते. ती उघडली की अँड्रॉइड फोन इशारा देतो, की हे अ‍ॅप अनोळखी ठिकाणाहून आलं आहे. समोरचा म्हणतो, ‘ते येतंच, यस करा.’ मग अ‍ॅप मेसेज वाचायची परवानगी मागतं. ती दिली की बँकेचे ओटीपी परस्पर त्याच्याकडे जायला लागतात. ‘मी ओटीपी कुणाला सांगितलाच नाही, तरी पैसे गेले’ असं लोक पोलिसांत सांगतात, ते खोटं नसतं. त्यांना कुणी विचारलेलाच नसतो.

तिसरी वाट दहा रुपयांची. ‘अपडेट चार्ज म्हणून फक्त दहा रुपये भरा’ आणि सोबत एक लिंक. दहा रुपयांना कोण नाही म्हणतं? पण त्या पानावर कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख, मागचे तीन आकडे आणि नेटबँकिंगचा पासवर्ड भरून घेतात. दहा रुपये कधी कधी जातच नाहीत, ‘फेल’ दाखवतात. त्यांना हवं ते मिळालेलं असतं. आयफोनवर एपीके चालत नाही म्हणून आयफोनवाल्यांनी निर्धास्त राहू नये, हे पान त्यांच्याही फोनवर छान उघडतं.

पहिलं काम: फोन ठेवा

वाद घालू नका, त्याची उलटतपासणी घेऊ नका, ‘तुमचा एम्प्लॉयी आयडी सांगा’ असंही म्हणू नका. आयडी तयारच असतो, व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखपत्राचा फोटोही लगेच येतो. हुशारी दाखवायला गेलेली माणसं पाच मिनिटं जास्त बोलतात, आणि त्या पाच मिनिटांतच समोरच्याचं काम होतं. ‘मी ऑफिसला विचारून घेतो’ एवढं म्हणायचं आणि ठेवायचं. पुन्हा फोन येईल, आवाज चढेल, ‘साहेबांना लाइनवर घेतो’ म्हणतील. उचलू नका.

ट्रूकॉलरवर ‘महावितरण ऑफिस’ असं नाव झळकलं तरी त्याला किंमत देऊ नका. ते नाव लोकांनीच घातलेलं असतं.

दुसरं काम: बिल स्वतः बघा

त्याने पाठवलेल्या लिंकवरून नाही आणि गूगलवर ‘महावितरण कस्टमर केअर’ शोधूनही नाही. गूगलवर आणि नकाशावर खोटे हेल्पलाइन नंबर पेरून ठेवणं हा याच लोकांचा जोडधंदा आहे. हातात जुनं छापील बिल घ्या, त्यावरचे नंबर वापरा. महावितरणचे टोल फ्री नंबर १९१२, १९१२०, १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ आहेत, ते चोवीस तास चालू असतात. फोन लागायला वेळ लागतो हे खरं, धीर धरा.

त्याहून सोपं म्हणजे महावितरणचं अधिकृत अ‍ॅप किंवा रोजचं यूपीआय अ‍ॅप. वीजबिलाचा विभाग उघडा, महावितरण निवडा, ग्राहक क्रमांक टाका. काही अ‍ॅप बिलिंग युनिटचा चार आकडी क्रमांकही मागतात, तो बिलावर ग्राहक क्रमांकाजवळच असतो. बाकी काही नसेल तर अ‍ॅप तसं सांगतं. काल-परवाच भरलेलं बिल कधी कधी लगेच दिसत नाही, त्याने घाबरू नका. पैसे भरल्याच्या पावतीवरचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा, तोच तुमचा पुरावा.

मेसेज आला असेल तर पाठवणाऱ्याच्या जागी काय आहे ते बघा. महावितरणचे मेसेज एमएसईडीसीएल या इंग्रजी अक्षरांच्या नावाने येतात. नावाच्या आधी दोन अक्षरं असतात, ती बदलत राहतात. २०२५ पासून मेसेजच्या नावाच्या शेवटी आणखी एक अक्षर जोडलेलं असतं: जाहिरातीला पी, सेवेच्या मेसेजला एस, व्यवहाराच्या मेसेजला टी, सरकारी मेसेजला जी. नाव नसून दहा आकडी मोबाइल नंबर असेल, तर तो मेसेज महावितरणचा नाही. पुढे वाचायची गरज नाही.

वीज अशी रात्रीत तोडता येते का?

हे एकदा नीट समजून घेतलं की निम्मी भीती जाते. वीज कायदा, २००३ मधलं कलम ५६ सांगतं, की बिल थकलं तरी ग्राहकाला पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय पुरवठा तोडता येत नाही. ही नोटीस कागदावरच येईल असं नाही, महावितरण ती एसएमएसनेही पाठवतं, म्हणून खरा मेसेज दुर्लक्षून टाकू नका. पण त्या नोटिशीत मुदत दिलेली असते. ‘आज रात्री साडेनऊ’ अशी वेळ कायद्यात बसत नाही. बिलाच्या रकमेबद्दलच तुमचा वाद असेल, तर हरकत नोंदवून पैसे भरायची सोयही त्याच कलमात आहे. तसे भरले तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.

व्यवहाराची गोष्ट वेगळीच. वादळी पावसात गेलेली लाइट रात्री परत आणायला जिथे माणूस मिळायची मारामार, तिथे अठराशे रुपयांसाठी रात्री साडेनऊला खांबावर कोण चढणार आहे?

स्मार्ट मीटर बसले असतील तर तिथे खांबावर चढायची गरज नसते, पुरवठा दुरूनही बंद करता येतो, हे कबूल. पण महिन्याच्या महिन्याला बिल येणाऱ्या ग्राहकाला नोटिशीचा नियम तोच लागू आहे. ‘स्मार्ट मीटर अ‍ॅक्टिव्हेट करायचंय, ही फाइल घ्या’ असाही फोन येऊ शकतो, तेव्हा उत्तर तेच: मीटर भिंतीवर बसतं, त्यासाठी तुमच्या फोनमध्ये कुणाची फाइल लागत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. वसुलीच्या दिवसांत खरे कर्मचारीही फोन करतात, कधी स्वतःच्या मोबाइलवरून. गावाकडे तर वायरमनचा नंबर घराघरांत असतो. त्यामुळे अनोळखी नंबर म्हणजे चोरच, असं होत नाही. फरक मागणीत असतो. खरा माणूस ‘तुमचं इतकं बाकी आहे, भरून टाका’ म्हणतो आणि विषय संपवतो. कसं भरायचं, कुठून भरायचं, ते तुमच्यावर सोडतो. अ‍ॅप घ्या, लिंक उघडा, या नंबरवर यूपीआय करा, आलेला आकडा सांगा, यांतलं काहीही आलं की तो माणूस कोणीही असो, पैसे द्यायचे नाहीत. आणि यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीच टाकतात. रिफंड ‘घेण्यासाठी’ पिन लागत नाही.

गॅसचं आणि बाकीचं

मुंबईत महानगर गॅस आणि पुण्यात एमएनजीएल यांच्या नावाने हाच खेळ जोरात चालतो. पाइप गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं, त्यामुळे शेवटचं कधी भरलं हे चटकन आठवत नाही, आणि फोन करणाऱ्याला तेच सोयीचं पडतं. सकाळी डबे करायच्या वेळी गॅस बंद होईल म्हटलं की भलेभले गडबडतात. काम तेच: फोन ठेवायचा, अ‍ॅपमध्ये किंवा छापील बिलावर बघायचं.

सिलिंडरवाल्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: बुकिंगनंतर मोबाइलवर येणारा डिलिव्हरीचा कोड दारात सिलिंडर उतरल्यावर द्यायचा, फोनवर कुणाला नाही. गॅस गळतीची खरी तक्रार असेल तर १९०६ हा नंबर चोवीस तास चालतो.

पाणीपट्टी आणि घरपट्टीच्या नावाने फोन कमी येतात, आले तर पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारा. ते ऑफिस बहुधा चालत जाण्याइतकं जवळ असतं.

तिसरं काम: नंबर कळवा

पैसे गेले नाहीत म्हणून सोडून देऊ नका, दोन मिनिटांचं काम आहे. दूरसंचार विभागाच्या संचार साथी या पोर्टलवर आणि अ‍ॅपवर ‘चक्षू’ नावाची सोय मार्च २०२४ पासून सुरू आहे. आलेला नंबर, तारीख, वेळ आणि मेसेजचा स्क्रीनशॉट तिथे टाकायचा. गेल्या तीस दिवसांत आलेल्या फोनची तक्रार तिथे घेतात. पैसे गेले असतील तर मात्र चक्षूवर वेळ घालवू नका, त्याची वाट पुढे सांगितली आहे.

‘डीएनडी लावलंय, तरी फोन येतो’ ही तक्रार नेहमीची. १९०९ वर केलेली डीएनडीची, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी, नोंदणी रीतसर जाहिरात करणाऱ्या कंपन्यांना आवरते. भलत्याच्या नावावर सिमकार्ड घेऊन बसलेला माणूस कुठली यादी पाळणार?

घरात आधीच करून ठेवायच्या गोष्टी

भाडेकरूंनी हे नक्की करावं. बिल घरमालकाच्या नावावर असतं आणि खरे मेसेजही त्यांच्याच मोबाइलवर जातात. त्यामुळे तुम्हाला महावितरणचा खरा मेसेज कसा दिसतो हेच माहीत नसतं, आणि खोटा पहिल्यांदा आला की तोच खरा वाटतो. मालकांना विचारून मीटरला तुमचा नंबर जोडून घ्या, महावितरणच्या अ‍ॅपमधून ते होतं. मालक तयार नसतील, तर निदान ग्राहक क्रमांक घेऊन आपल्या यूपीआय अ‍ॅपमध्ये बिल जोडून ठेवा, नवीन बिल आलं की तिथेच दिसतं.

घरात आई-वडील एकटे असतील तर उपदेशापेक्षा व्यवस्था कामाला येते. बिलं भरायला एक वेगळं खातं ठेवा, त्यात गरजेपुरतेच पैसे. मुदत ठेवी ज्या खात्याला जोडल्या आहेत ते खातं फोनवर नको. यूपीआयची रोजची मर्यादा बँकेच्या अ‍ॅपमधून खाली आणता येते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये अनोळखी ठिकाणची अ‍ॅप टाकायची परवानगी व्हॉट्सअ‍ॅपला आणि ब्राउझरला दिली आहे का ते बघा, दिली असेल तर काढा. आणि फ्रिजवर मोठ्या अक्षरांत एक कागद: वीज कंपनीचा नंबर, बँकेचा नंबर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३०, आणि तुमचा. ‘लाइट गेली तरी चालेल, मी येईपर्यंत कुणाचं ऐकू नका’ असं त्यांना स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा. वडीलधाऱ्यांना आपल्यामुळे घरात अंधार होईल ही भीती असते, ती तुम्हीच काढायला हवी.

अ‍ॅप टाकून झालं, पैसे गेले: आता काय

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून ओळीने सांगतो.

आधी त्या फोनचं इंटरनेट तोडा. एअरप्लेन मोड टाका, वायफायही बंद झालंय ना ते बघा. पुढचे सगळे फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरून करा. चोराच्या हातात असलेल्या फोनवरून बँकेशी बोलण्यात अर्थ नाही.

मग डेबिट कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला फोन करून कार्ड, यूपीआय आणि नेटबँकिंग, तिन्ही बंद करायला सांगा. तक्रार क्रमांक लिहून घ्या.

लगेच १९३० लावा. ही सायबर आर्थिक फसवणुकीची देशभरची हेल्पलाइन आहे. तुमचा खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, मेसेजमध्ये किंवा पासबुकाच्या नोंदीत तो मिळेल. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळतं आणि तिथे उरलेली रक्कम रोखून धरता येते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात मिनिटांत फिरतात, म्हणून ‘आधी मुलाला विचारते, मग उद्या बघू’ असं करू नका. १९३० लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. दोन्ही केलंत तरी हरकत नाही. जवळच्या पोलीस ठाण्यातही जा. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असं म्हणाले तर झीरो एफआयआर करून घ्या म्हणा, ती कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते.

आता फोन साफ करायचा. नेट बंद ठेवूनच सेटिंगमध्ये जा, नवीन अ‍ॅपला दिलेली अ‍ॅक्सेसिबिलिटीची (स्क्रीन वाचायची) आणि डिव्हाइस अ‍ॅडमिनची (फोनवर ताबा ठेवायची) परवानगी काढा, मग अ‍ॅप उडवा. एपीकेमधून आलेली काही अ‍ॅप्स चिन्हच दाखवत नाहीत, म्हणून अ‍ॅप्सची पूर्ण यादी बघा. तरी खात्री वाटत नसेल तर फोनमधले फोटो दुसरीकडे उतरवून घ्या आणि फोन फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करा. कॉल फॉरवर्डिंग चालू नाही ना तेही तपासा, कारण बँकेचे फोन तिकडे वळवून ठेवलेले असू शकतात. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. मात्र फोन साफ करायला घेण्याआधीच मेसेज, कॉलची नोंद, ती फाइल, या सगळ्याचे फोटो दुसऱ्या मोबाइलने काढून ठेवा. पोलिसांना लागतात, आणि रीसेट केल्यावर राहत नाहीत.

बँकेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमाप्रमाणे ग्राहकाच्या चुकीमुळे पैसे गेले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही असं प्रकरण असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं असेल, तर ग्राहकावर काहीच येत नाही. तुमचं प्रकरण यांतल्या कुठल्या कप्प्यात बसतं यावर बँक वाद घालेल. घालू द्या. तक्रारीवर वेळेची नोंद तुमच्याकडे असली पाहिजे. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन फुकट तक्रार करता येते. त्याची माहिती १४४४८ वर मिळते.

यानंतर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो: ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला प्रोसेसिंग फी भरा.’ पैसे गेलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात. तुमच्या तक्रारीचं काय झालं हे पोर्टलवर तक्रार क्रमांक टाकून तुम्हीच बघायचं, आणि रोखलेले पैसे परत मिळवायला कुणालाही फी द्यावी लागत नाही.